फॅरडेची वाया गेलेली काच : १३ सप्टेंबर १८४५ चं प्रकरण

प्रकाश म्हणजे विद्युतचुंबकीय लहर हे आपण दहावी-बारावीत एका ओळीत शिकतो, मॅक्सवेलचं नाव घेतो, चार समीकरणं पाठ करतो आणि पुढे जातो. पण प्रकाशाचा चुंबकाशी काही संबंध आहे हे पहिल्यांदा प्रयोगात दिसलं ते मॅक्सवेलच्या आधी, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, एका काचेच्या तुकड्यात. आणि त्या काचेचा इतिहास बघितला तर ती खरं म्हणजे पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच फेल गेलेली काच होती. मला हे प्रकरण नीट उलगडून लिहायचंय कारण ‘फॅरडेला योगायोगाने सापडलं’ असं सर्रास सांगितलं जातं, आणि ते मला पटत नाही. योगायोग थोडा होता, पण जो होता त्याच्यामागे सुद्धा फिजिक्स होतं, ते पुढे येईलच.

आधी काचेबद्दल. १८२० च्या दशकात ब्रिटनमध्ये दुर्बिणीसाठी चांगली काच मिळत नव्हती, काचेत रेघा यायच्या, बुडबुडे यायचे, एका भागाची घनता एक आणि दुसऱ्या भागाची वेगळी, आणि जर्मनीत फ्राउनहोफर मात्र अप्रतिम काच बनवत होता. म्हणून रॉयल सोसायटीने एक कमिटी नेमली आणि काम येऊन पडलं मायकल फॅरडेवर. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये भट्टी बांधली, मदतीला चार्ल्स अँडरसन नावाचा निवृत्त सार्जंट घेतला (हा माणूस पुढे जन्मभर फॅरडेजवळ राहिला), आणि दोघांनी वर्षानुवर्षं प्लॅटिनमच्या ट्रेमध्ये शिसं, बोरॉन आणि सिलिका यांचं मिश्रण वितळवून एक भयंकर जड काच तयार केली. तिला फॅरडे ‘जड काच’ असंच म्हणायचा. १८२९ मध्ये त्याने त्यावर मोठं व्याख्यानही दिलं. पण दुर्बिणीच्या बाजूने बघितलं तर एवढ्या मेहनतीतून फारसं काही हाताला लागलं नाही, काम थांबलं, फॅरडे परत विजेकडे वळला आणि १८३१ मध्ये त्याने इंडक्शन, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज तयार होणं, शोधलं. काचेचे तुकडे कपाटात राहिले.

दुसरा धागा म्हणजे फॅरडेची एक जुनी खाज, हाच शब्द मला योग्य वाटतो. वीज, चुंबक, उष्णता, प्रकाश या सगळ्या शक्ती मुळात एकमेकींशी जोडलेल्या असणार असं त्याला मनापासून वाटायचं. १८२२ मध्येच त्याने करंट वाहत असलेल्या द्रावणातून पोलराइज्ड प्रकाश सोडून बघितला होता, काही दिसलं नाही. १८३३ मध्ये परत केलं, परत काही नाही. मधे १८४० च्या आसपास त्याची तब्येत पार ढासळली, स्मरणशक्तीचा त्रास, चक्कर, बरीच वर्षं मोठं संशोधन बंदच.

मग ऑगस्ट १८४५ मध्ये त्याला एक पत्र आलं. पाठवणारा विल्यम थॉमसन, वय २१, पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झाला तो. हा मुलगा फॅरडेच्या बलरेषांना, म्हणजे चुंबकाचं किंवा विजेचं बल कुठल्या दिशेने जातं ते दाखवणाऱ्या रेषांना, गणितात बसवायचा प्रयत्न करत होता (त्या वेळी असं करणारा जवळजवळ एकटाच) आणि त्याने पत्रात विचारलं की विजेच्या ताणाखाली असलेल्या पारदर्शक पदार्थाचा पोलराइज्ड प्रकाशावर काही परिणाम होतो का. फॅरडेने कळवलं की मी करून बघितलंय, काही मिळालेलं नाही, पण परत बघतो. मला हा भाग फार भावतो. ५३ वर्षांचा माणूस, युरोपभर नाव झालेलं, आजारातून उठलेला, आणि एका कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोराच्या प्रश्नासाठी दोनदा फसलेला प्रयोग तिसऱ्यांदा मांडतो.

इथे पोलराइज्ड म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. खिडकीच्या गजाला दोरी बांधून दुसरं टोक हातात धरून हलवा. वर-खाली हलवलं तर लहर उभी, डावी-उजवी हलवलं तर लहर आडवी. साध्या दिव्याच्या प्रकाशात सगळ्या दिशांची सरमिसळ असते, आणि त्यातून एकच दिशा निवडून घेतली की तो पोलराइज्ड प्रकाश. घरी बघायचं असेल तर पोलराइज्ड गॉगल मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या स्क्रीनसमोर धरून हळूहळू फिरवा, एका ठिकाणी स्क्रीन काळी पडते. त्या काळ्या जागेला ‘क्रॉस’ स्थिती म्हणतात आणि या सगळ्या प्रकरणाचा जीव त्या काळोखात आहे.

फॅरडेची मांडणी साधी होती. तेलाचा आर्गंड दिवा, त्याचा प्रकाश काचेच्या पृष्ठभागावरून परावर्तित करून पोलराइज केलेला, मधे तपासायचा पदार्थ, आणि डोळ्याजवळ निकोल प्रिझम (एकाच दिशेचा प्रकाश जाऊ देणारा कॅल्साइटचा लोलक), ते फिरवून दिव्याची प्रतिमा विझवायची. आता पदार्थाने प्रकाशाची दिशा जरा जरी वळवली तर विझलेली प्रतिमा परत दिसायला लागणार. हिशोब करून बघा. समजा दिशा ५ अंशांनी वळली. उजेडाच्या स्थितीत बघत असाल तर प्रकाश पाऊण टक्क्याने कमी होईल, डोळ्याला शष्प कळणार नाही. पण काळोखाच्या स्थितीत शून्यावरून पाऊण टक्का होईल, आणि अंधारात सवयलेल्या डोळ्याला काहीच नाही आणि काहीतरी यातला फरक लगेच कळतो. बदल तेवढाच, फक्त तो कशाच्या पार्श्वभूमीवर बघायचा हे ठरवलं की प्रयोग शक्य होतो. आम्ही एमएस्सीच्या लॅबमध्ये हाच प्रयोग लेझर आणि डिटेक्टर लावून केला, करंट वाढवत जायचा आणि कोनाचा ग्राफ काढायचा, सरळ रेघ येते, अर्ध्या तासाचं काम. नंतर फॅरडेच्या डायरीतल्या नोंदी वाचल्या तेव्हा लक्षात आलं की त्याच्याकडे लेझर नाही, डिटेक्टर नाही, तेलाचा दिवा आणि स्वतःचा डोळा एवढंच आहे, आणि किती वळणार हे माहीत नाही, मुळात वळणार का हेच माहीत नाही.

३० ऑगस्टला सुरुवात केली ती विजेपासून. करंट चालू असलेली द्रावणं, चालू-बंद करंट, उलटसुलट करंट, मग काचेवर स्थिर विजेचा ताण. सगळीकडे शून्य. दोन आठवडे नुसतं शून्य लिहीत बसला. मग १३ सप्टेंबरला, शनिवारी, वीज बाजूला ठेवून चुंबक घेतला, म्हणजे जबरदस्त इलेक्ट्रोमॅग्नेट. आधी हवा, मग फ्लिंट काच, मग स्फटिक, मग कॅल्साइट, प्रत्येकाला चुंबकाचे ध्रुव वेगवेगळ्या बाजूंनी लावून बघितलं आणि प्रत्येकापुढे परिणाम नाही अशी नोंद. मग कपाटातली ती जड काच, दोन इंचाच्या आसपास लांब-रुंद आणि अर्धा इंच जाड तुकडा.

डायरीतली नोंद इथे फार नेमकी आहे. दोन्ही ध्रुव किरणाच्या समोरासमोरच्या बाजूंना ठेवले, परिणाम नाही. एकाच बाजूला पण सारखे ध्रुव, परिणाम नाही. एकाच बाजूला आणि विरुद्ध ध्रुव, म्हणजे एक उत्तर एक दक्षिण, आणि विझलेली प्रतिमा दिसायला लागली. करंट बंद केला की गेली. चालू केला की आली. त्याने तिथल्या तिथे लिहिलं की चुंबकीय बल आणि प्रकाश यांचा एकमेकांशी संबंध आहे हे सिद्ध झालं. आणि दिवसाच्या शेवटी, आजच्यापुरतं पुरे झालं, अशी एक छोटी ओळ.

आता हे तीनपैकी एकाच मांडणीत का झालं? विरुद्ध ध्रुव एकाच बाजूला शेजारी शेजारी असले की बलरेषा एका ध्रुवातून निघून काचेतून किरणाला समांतर जाऊन दुसऱ्या ध्रुवात शिरतात. समोरासमोर ठेवले की त्या किरणाला आडव्या जातात. सारखे ध्रुव असले की एकमेकांना रद्द करतात. वळण येतं ते बलरेषा किरणाच्या दिशेत असल्या तरच. हे कुठल्याच थिअरीतून कोणाला माहीत नव्हतं, आणि फॅरडेच्या जागी दुसरा कोणी असता तर एक मांडणी करून ‘नाही’ लिहून उठला असता, मी तरी नक्की उठलो असतो. प्रत्येक पदार्थाला प्रत्येक मांडणीतून फिरवायची त्याची चिकाटी, मला वाटतं, इथे सगळ्यात जास्त कामाला आली.

आणि जड काचच का? याला लोक योगायोग म्हणतात. पण थोडं खोलात गेलं तर गंमत आहे. चुंबकाने प्रकाश किती वळेल हे पदार्थावर अवलंबून असतं, आणि बऱ्याच पारदर्शक पदार्थांत ते ठरतं त्या पदार्थात रंगानुसार वक्रीभवन किती झपाट्याने बदलतं त्यावरून, म्हणजे डिस्पर्शनवरून. आणि दुर्बिणीच्या भिंगांची जोडी जुळवायला एका भिंगाला नेमकी जास्त डिस्पर्शनचीच काच लागते, त्यासाठीच तर फॅरडेने त्यात शिसं ठासून भरलं होतं! दुर्बिणीसाठी जो गुण हवा होता तोच गुण चुंबकीय वळणाला लागत होता. काच वाया गेली ती कामात, गुणात नाही. फ्लिंट काचेतही शिसं असतं आणि तिच्यातही परिणाम होतच होता, पण त्या दिवशीचा चुंबक कमी पडला.

हे फॅरडेलाही वाटलं असणार, कारण त्याने लगेच वुलिचच्या मिलिटरी अकॅडमीतून, जिथे तो केमिस्ट्री शिकवायला जायचा, आणखी ताकदवान चुंबक मागवला. १८ सप्टेंबरला तो लावला आणि परिणाम ढळढळीत दिसायला लागला, त्या दिवशीच्या नोंदीखाली त्याने झकास काम झालं अशा अर्थाचं वाक्य लिहिलंय. त्यानंतर इतर काचा, पाणी, अल्कोहोल, तेलं, एकामागोमाग एक सगळ्यांत कमी-जास्त वळण मिळत गेलं. २० नोव्हेंबरला पेपर रॉयल सोसायटीत वाचला गेला.

या वळणाची एक खासियत फॅरडेने लवकरच पकडली आणि मला वाटतं अख्ख्या प्रकरणातली ती सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. साखरेच्या पाण्यातून सुद्धा पोलराइज्ड प्रकाश वळतो, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसाची ‘पोल’ मोजतात ती याच जोरावर. पण साखरेचं वळण स्क्रूच्या आट्यासारखं असतं, आट्याला कुठल्याही बाजूने बघा, तो उजवा असेल तर उजवाच दिसतो, त्यामुळे प्रकाश आरशावर आपटून त्याच पाण्यातून परत आला की गेलेलं वळण उलटं सुटून जातं आणि हिशोब शून्य. चुंबकाचं तसं नाही. ते फिरत्या जात्यासारखं आहे, तुम्ही वरून बघा की खालून, जातं आपल्या दिशेनेच फिरत राहणार. म्हणून प्रकाश परत आला की वळण रद्द होत नाही, दुप्पट होतं. फॅरडेने पुढे याचा उपयोग करून जड काचेच्या टोकांना चांदीचा मुलामा देऊन किरण आत पुन्हा पुन्हा फिरवला आणि वळण वाढवून घेतलं. म्हणजे चुंबकात काहीतरी ‘फिरणारं’ आहे अशी शंका यायला जागा झाली.

आता सिद्ध नक्की काय झालं? फॅरडेने पेपरला नाव दिलं होतं ‘प्रकाशाचं चुंबकीकरण’, त्यावर तेव्हाच चर्चा झाली, आणि आज आपल्याला माहीत आहे की चुंबक काचेतल्या इलेक्ट्रॉनांच्या हालचालीवर परिणाम करतो आणि काच प्रकाशाला वळवते. सरळ पोलराइज्ड प्रकाश हा उजव्या आणि डाव्या अशा दोन फिरत्या लहरींची बेरीज धरता येतो, चुंबकीय क्षेत्रात काचेमधला त्यांचा वेग किंचित वेगळा होतो, एक मागे पडते, आणि बेरजेची दिशा वळते. काच काढून घेतली तर त्या चुंबकाने मोकळ्या जागेत प्रकाश असा वळत नाही. त्यामुळे या प्रयोगाने प्रकाश विद्युतचुंबकीय लहर आहे असं सिद्ध झालं, असं जे लिहिलेलं दिसतं ते चूक आहे. संबंध आहे एवढं सिद्ध झालं. संबंध असणं आणि एकच असणं यात बरंच अंतर आहे. फॅरडेने एप्रिल १८४६ च्या एका व्याख्यानात प्रकाश म्हणजे बलरेषांचीच थरथर असावी अशी कल्पना मांडली खरी, ईथरची, म्हणजे प्रकाशाची लहर ज्यातून जाते असं तेव्हा मानत त्या अदृश्य माध्यमाची, गरजच नाही म्हणाला, पण ती कल्पना होती, पुरावा नव्हता आणि तो स्वतःही ती तशीच, जपून मांडत होता.

अंतर कापलं गेलं ते असं. ज्या थॉमसनच्या पत्राने हे सुरू झालं त्यानेच १८५६ मध्ये म्हटलं की फॅरडेचं हे वळण बघता चुंबकत्वात मुळातच काहीतरी भोवऱ्यासारखं फिरत असलं पाहिजे. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने हे मनावर घेतलं आणि १८६१-६२ मध्ये बलरेषांभोवती फिरणाऱ्या सूक्ष्म भोवऱ्यांचं एक मॉडेल रचलं, भोवऱ्यांच्या मधे विजेचे कण, सगळं लवचिक. मॉडेल आज कोणी खरं मानत नाही. पण त्या लवचिक माध्यमातून लहर किती वेगाने जाईल हे काढता येत होतं आणि त्यासाठी एकच आकडा हवा होता, जो जर्मनीत वेबर आणि कोलराउश यांनी १८५६ मध्ये मोजून ठेवला होता. लाइडन जारमधला (चार्ज साठवायची काचेची बरणी) चार्ज आधी स्थिर विजेच्या पद्धतीने मोजायचा, मग तोच जार डिस्चार्ज करून चुंबकीय परिणामावरून मोजायचा, दोन्हींचं गुणोत्तर काढायचं. त्या सगळ्या प्रयोगात दिवा नाही, भिंग नाही, प्रकाशाचं नावही नाही.

मॅक्सवेल तेव्हा सुट्टीत स्कॉटलंडमध्ये आपल्या घरी होता, समीकरणं तिथे झाली, आणि आकडे मिळवून ताडून बघितले ते नंतर. ऑक्टोबर १८६१ मध्ये त्याने फॅरडेलाच पत्र लिहून हे कळवलं. वेबर-कोलराउश यांच्या आकड्यावरून आलेला वेग सेकंदाला सुमारे ३,१०,७४० किलोमीटर, आणि फिझोने १८४९ मध्ये दातेरी चाक फिरवून मोजलेला प्रकाशाचा जो आकडा मॅक्सवेलने घेतला तो ३,१४,८५८ किलोमीटर. सव्वा टक्क्याचा फरक! मॅक्सवेलने निष्कर्ष काढला की प्रकाश म्हणजे त्याच माध्यमातली लहर, ज्याच्यामुळे वीज आणि चुंबकाच्या घटना घडतात. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, खरा वेग आहे २,९९,७९२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही मोजमापं चुकलेली होती आणि दोन्ही एकाच बाजूला चुकलेली होती म्हणून इतकी जवळ आली. पण नंतरच्या चांगल्या मोजमापांनी ती जवळीक टिकली, आणि १८८७-८८ मध्ये कार्ल्सरूहला हर्ट्झने ठिणग्यांतून तशा लहरी प्रत्यक्ष काढून दाखवल्यावर वाद संपला. भोवऱ्यांचं ते मॉडेल ज्या १८६१-६२ च्या पेपरमध्ये आलं त्याचा शेवटचा भाग, म्हणजे चौथा, मॅक्सवेलने कशावर लिहिलाय? पोलराइज्ड प्रकाशावर चुंबकाचा परिणाम. फॅरडेची काच.

आज हा परिणाम कुठे आहे म्हणाल तर जिथे जिथे ताकदवान लेझर आहे तिथे बहुतेक. लेझरचा प्रकाश परत लेझरमध्ये शिरला तर लेझर बिघडतो, म्हणून मधे आयसोलेटर बसवतात, जो प्रकाशाला ४५ अंश वळवून पुढे सोडतो आणि परत येणाऱ्याला आणखी ४५ अंश वळवतो, एकूण ९० झाले, क्रॉस, दार बंद. तेच जातं, तीच दुप्पट. टीजीजी नावाचा क्रिस्टल आणि १ टेस्लाचा चुंबक असेल तर इन्फ्रारेड लेझरसाठी साधारण २ सेंटिमीटर लांबी पुरते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे, तशा गुरुत्वलहरी पकडणाऱ्या यंत्रणेतसुद्धा फॅरडे आयसोलेटर लागतो. आणि नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, तिथे काचेचं काम अवकाशातला आयनीभूत वायू करतो. दूरच्या स्रोताकडून येणारी पोलराइज्ड रेडिओ लहर वाटेतल्या चुंबकीय क्षेत्रातून येताना वळते, वळण तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असतं, म्हणजे २० सेंटिमीटरच्या लहरीपेक्षा २ मीटरची लहर शंभरपट जास्त वळते, आणि वेगवेगळ्या तरंगलांबींना किती वळण आलं ते मोजून वाटेतल्या चुंबकीय क्षेत्राचा अंदाज घेतात. जिथे कोणी होकायंत्र घेऊन जाऊ शकत नाही तिथलं चुंबकत्व अशा पद्धतीने कळतं.

राहिला थॉमसनचा मूळ प्रश्न, विजेच्या ताणाचा, ज्यात फॅरडेला १८२२ पासून नुसती शून्यं मिळाली. ती शून्यं बरोबर नव्हती. १८७५ मध्ये ग्लासगोच्या जॉन केरने जाड काचेत भोकं पाडून त्यात तारा घातल्या, इंडक्शन कॉइलने प्रचंड ताण दिला, आणि काळोखात प्रकाश परत आला. परिणाम विद्युत क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे ताण कमी असला की तो फारच बारीक होऊन जातो. फॅरडे तेव्हा हयात नव्हता, १८६७ मध्ये गेला. त्याने अगदी शेवटी, मार्च १८६२ मध्ये, आणखी एक प्रयोग केला होता, ज्योतीला चुंबकाच्या ध्रुवांमधे ठेवून तिच्या स्पेक्ट्रमच्या रेघा हलतात का ते बघायचं. हलल्या नाहीत. या न जमलेल्या प्रयोगाची हकिगत मॅक्सवेलने फॅरडेवर लिहिताना नोंदवून ठेवली, ती हॉलंडमध्ये पीटर झीमनच्या वाचनात आली, त्याला वाटलं की फॅरडेसारख्या माणसाला हे करून बघावंसं वाटलं असेल तर आजच्या चांगल्या ग्रेटिंगने (प्रकाशाचे रंग बारीक वेगळे करणारी रेघांची पट्टी) परत बघायला हवं, आणि १८९६ मध्ये त्याने चुंबक चालू केला तेव्हा सोडियमच्या दोन्ही पिवळ्या रेघा रुंद झाल्या.